अनोळखी खात्याकडून आलेली व्हीपीसी पीअरिंगची विनंती नाकारली तर काही धोका आहे का?

तुमच्या एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यात कुणा अनोळखी खात्याकडून पीअरिंगची, म्हणजे तुमची व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क) त्यांच्या व्हीपीसीशी थेट जोडण्याची, विनंती आली आहे. ती नाकारली तर समोरच्याला आपली काही माहिती कळेल का, आणि हात न लावता तशीच सोडली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाकारा, आणि आजच नाकारा. नाकारल्याने समोरच्याला तुमच्या खात्याची किंवा व्हीपीसीची कुठलीही माहिती मिळत नाही. एडब्ल्यूएसच्या अधिकृत माहितीपानांवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अशी विनंती पाठवून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरू बघण्याला तिथे ‘पीअर फिशिंग’ असं नावच दिलंय, म्हणजे तुमची शंका अजिबात वेडगळ नाही.

तशीच सोडली तर ७ दिवसांनी विनंती आपोआप बाद होते, हे खरं. पण ते ७ दिवसच मला नको वाटतात. मी पुण्यात एका लहान कंपनीचं क्लाउड सांभाळते. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन विनंत्या आल्या होत्या. एक आमच्या बिलिंगचं काम बघणाऱ्या कंपनीची, दुसरी कुणाची ते आजही माहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याने दुसरीच स्वीकारायला घेतली होती. चूक त्याची नव्हती. समोरच्याने त्याच्या बाजूला विनंतीला दिलेलं नाव, टॅग (ओळखीची चिठ्ठी) यातलं काही आपल्या खात्यात उमटत नाही. आपल्याला दिसतो तो १२ आकडी खाते क्रमांक आणि व्हीपीसीचा आयडी. दोन्ही विनंत्या त्याला सारख्याच दिसत होत्या. मी त्याला थांबवलं, बिलिंगवाल्यांना आमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावला आणि त्यांचा खाते क्रमांक वाचून दाखवायला सांगितला. तेव्हा कुठे उलगडा झाला. तेव्हापासून अनोळखी विनंती दिसली की मी ती दिवसभरसुद्धा ठेवत नाही.

नुसतं स्वीकारल्याने लगेच रहदारी सुरू होत नाही, दोन्हीकडच्या राउट टेबलात (कुठली रहदारी कुठे पाठवायची याच्या यादीत) नोंद करावी लागते, असं कुणी तुम्हाला सांगेल. बरोबर आहे. पण जो माणूस गैरसमजातून विनंती स्वीकारतो, तोच त्याच गैरसमजातून राउटही टाकतो. आणि तुमच्या एखाद्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या नियमांत) ‘आतलं नेटवर्क’ म्हणून १०.०.०.०/८, म्हणजे १०ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा अख्खा पट्टा मोकळा ठेवला असेल, तर पुढे अडवायला फारसं काही उरत नाही.

कृती सोपी आहे. व्हीपीसीच्या पानावर ‘पीअरिंग कनेक्शन्स’ उघडा, विनंती निवडा, ‘अ‍ॅक्शन्स’मधून ‘रिजेक्ट रिक्वेस्ट’. तुमची व्हीपीसी ज्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या भौगोलिक विभागात) आहे तोच वर निवडलेला हवा. व्हीपीसी मुंबईत आणि तुम्ही हैदराबाद उघडून बसलात, तर शोधत राहाल. बटण दाबण्याआधी खाते क्रमांक आणि ‘पीसीएक्स’ने सुरू होणारा विनंतीचा आयडी टिपून ठेवा, कारण नाकारलेली विनंती आपल्या यादीत २ तासच दिसते. पाठवणाऱ्याला ती २ दिवस दिसते, पण तीच पुन्हा स्वीकारता येत नाही. त्याला नवी पाठवावी लागते, आणि तो ती पाठवूही शकतो.

तो टिपलेला क्रमांक घेऊन एका गोष्टीचा छडा लावा. विनंती पाठवायला तुमचा खाते क्रमांक आणि व्हीपीसीचा आयडी दोन्ही लागतात. एखादा आकडा चुकून दोन्ही नेमके तुमचेच जुळणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे ते कुठेतरी लिहिलेले कुणाच्या तरी हाती लागलेत. जुन्या कंत्राटदाराला पाठवलेला स्क्रीनशॉट, सार्वजनिक रिपॉझिटरीतली एखादी फाइल, सपोर्टचं तिकीट. विनंती नाकारण्यापेक्षा हे शोधणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परवानग्याही बघून घ्या. आयएएममध्ये (खात्यात कुणी काय करायचं हे ठरवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवेत) पीअरिंग स्वीकारणं आणि नाकारणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. स्वीकारण्याची आम्ही दोघांकडेच ठेवली, नाकारण्याची सगळ्या टीमला दिली. चुकून नाकारलेलं एका फोनवर निस्तरता येतं. विनंती आधीच स्वीकारली गेली असेल तर जोडणी डिलीट करा. त्यासाठी समोरच्याची संमती लागत नाही. राउट टेबलात ‘ब्लॅकहोल’ म्हणून उरलेल्या, आता कुठेच न जाणाऱ्या नोंदी मात्र हाताने काढाव्या लागतात.

शोधाअंती ती विनंती ओळखीच्याच कुणाची निघाली, तरी आधी विचारा की त्यांना नेमकं काय हवंय. एकाच सेवेपर्यंत पोचायचं असेल तर प्रायव्हेटलिंक (फक्त तेवढ्याच सेवेला खासगी वाट देणारी एडब्ल्यूएसची सोय) पुरतं, अख्खी नेटवर्कं जोडायची गरज नाही. आणि नकार द्यायचा ठरला तर त्यांना मेल नक्की करा. ‘रिजेक्ट’ करताना कारण लिहायला जागाच नसते. समोरच्या माणसाला फक्त ‘रिजेक्टेड’ एवढंच दिसतं, आणि तो बिचारा आपलंच काहीतरी चुकलं असं समजून पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.