जपानमधल्या इझुमो ताइशा देवळात दर्शन कसं घ्यायचं?

तोरीतून, म्हणजे कमानीतून, आत शिरताना जरा वाकून नमस्कार करा. पुढे कुंडाशी पळीने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. चूळ भरायची ती डाव्या तळहातावर घेतलेल्या पाण्याने, पळीला ओठ लावू नका.

बहुतेक शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवळांत दोन टाळ्या, इथे मात्र चार: दोनदा वाका, चार टाळ्या, परत एकदा वाका.

मुख्य मंदिर १७४४ सालचं, २४ मीटर उंच. एरवी आत सोडत नाहीत. पण इथल्या मुख्य देवाचं, ओकुनिनुशीचं, तोंड पश्चिमेला आहे, म्हणून पश्चिमेच्या बाजूलाही जाऊन नक्की नमस्कार करा. अगदी समोर उभं राहिल्यासारखं वाटतं!

जमलं तर चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात जा. बाकी जपानात तो ‘देव नसलेला महिना’, कारण सगळे देव तेव्हा इझुमोला जमतात अशी श्रद्धा आहे.