‘हवामानबदल’, ‘वातावरण बदल’ की ‘जलवायू परिवर्तन’?

प्रश्न असा आला आहे : एका दैनिकाच्या एकाच अंकात ‘वातावरण बदलामुळे सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढले’ आणि ‘वातावरण बदलामुळे समुद्राची पातळी वाढत आहे’ अशी दोन शीर्षके वाचली, दिल्लीहून येणाऱ्या बातम्यांत ‘जलवायू परिवर्तन’ असते, तर मुलांच्या भूगोलात ‘हवामान’. यांतला बरोबर शब्द कोणता, की हे सगळे एकच?

एकच नव्हेत. ‘क्लायमेट चेंज’साठी मराठीत ‘हवामानबदल’ म्हणावे असे माझे मत आहे. मात्र त्याचे कारण ‘हवामान’ या शब्दाच्या घडणीइतकेच त्यामागच्या विज्ञानातही आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘हवामान’ हा संकरित शब्द आहे. ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे आलेली, ‘मान’ संस्कृत. तापमान, पर्जन्यमान, जीवनमान यांतला ‘मान’ तो हाच. त्याचा अर्थ माप, प्रमाण. काही जण ‘मान’चा अर्थ ‘सरासरी’ असा सांगतात, तो मला पटत नाही, कारण तसे असते तर ‘सरासरी पर्जन्यमान’ ही द्विरुक्ती ठरली असती. तरीही माप घ्यायचे म्हणजे एका दिवसावर भागत नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे, आणि शालेय भूगोलाने तिचाच आधार घेऊन फार चांगला भेद केला आहे : एखाद्या ठिकाणची त्या त्या वेळची स्थिती ती ‘हवा’, आणि दीर्घकाळाच्या नोंदींवरून ठरणारी तिची सर्वसाधारण स्थिती ते ‘हवामान’. जागतिक हवामान संघटनेने हा दीर्घकाळ साधारणतः ३० वर्षांचा धरला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ती त्या दिवसाची हवा. मुंबई उष्ण आणि दमट आहे, हे तिचे हवामान.

अडचण अशी की बोलण्यात आपण हा भेद पाळत नाही. ‘आज हवा कुंद आहे’, ‘पावसाळी हवा पडली आहे’ असे म्हणणारी पिढी आता म्हातारी झाली, आणि तिची जागा ‘आज हवामान ढगाळ आहे’ या वाक्याने घेतली. याचा दोष वर्तमानपत्रांना देण्यात अर्थ नाही, कारण ‘हवामान खाते’ आणि ‘हवामान अंदाज’ हे शब्द मुळातच दोन्ही गोष्टींना कवेत घेणारे आहेत. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जी जुनी दगडी इमारत आहे तिला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तेथे आले होते. पुढे ते दिल्लीला गेले तरी उद्याच्या पावसाचा अंदाज आणि गेल्या कित्येक दशकांच्या नोंदी या दोन्हींचे काम त्याच आवारात चालत राहिले. एकाच छताखालच्या दोन कामांना लोकांनी एकच शब्द वापरला, एवढेच.

आता ‘वातावरण’. वात अधिक आवरण, म्हणजे पृथ्वीभोवतीचे वायूंचे पांघरूण. ही एक वस्तू आहे, स्थिती नव्हे. (निवडणुकीत ‘वातावरण तापते’ तो लाक्षणिक अर्थ, त्या दिवसांत ‘हवा’ही कोणाची ना कोणाची असतेच.) त्यामुळे ‘वातावरण बदल’ याचा काटेकोर अर्थ होईल त्या पांघरुणाच्या घटकांत झालेला बदल, आणि गंमत म्हणजे असा बदल खरोखर झालेला आहे. कोरड्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून सुमारे ९९ टक्के असतात. कार्बन डायऑक्साइड अगदी नगण्य. औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी सलग मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आता ४२० च्या पुढे गेले आहेत. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने ही भर पडली, आणि तिला जंगलतोडीचीही जोड मिळाली.

एवढ्याशा वायूने काय होते, हे समजायला निफाडचा द्राक्षबागायतदार पुरेसा आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र राहिले की पहाटे पारा घसरणार आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागणार, पण रात्री आभाळ आले तर थंडी कमी होणार, हे त्याला ठाऊक असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘इन्फ्रारेड’) किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. ढग आणि पाण्याची वाफ ती शोषून तिचा काही भाग परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हेच काम ढग असोत वा नसोत, अहोरात्र करतात. हे पांघरूण मुळीच नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. ते आहे म्हणून सुमारे १५ अंश आहे. पांघरूण वाईट नाही, ते जाड होत चालले आहे ही तक्रार आहे. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच कागद-पेन्सिल घेऊन याचे गणित मांडले होते. जाता जाता सांगतो, या वायूंना दिलेले ‘हरितगृह वायू’ हे नाव मला फारसे पटत नाही, कारण काचघर उबदार राहते ते प्रामुख्याने आतली गरम हवा बाहेर निसटू न दिल्यामुळे, आणि वातावरणाची रीत निराळी आहे. परंतु शब्द रुळला आहे आणि आता तो बदलण्याचा हट्ट धरू नये.

वातावरणाच्या या बदलातून ‘तापमानवाढ’ होते. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते. तापमानवाढीतून पुढे पाऊस, वारे, बर्फ, समुद्राची पातळी या सगळ्यांची रीत बदलते, तो ‘हवामानबदल’. म्हणजे ज्या तीन शब्दांची आपण सरमिसळ करतो ते एकाच घटनाक्रमाचे तीन टप्पे आहेत, आणि मराठीत तीनही टप्प्यांना स्वतंत्र शब्द असताना ते एकमेकांच्या जागी वापरणे मला उधळपट्टी वाटते. तापमान वाढले म्हणजे पाऊस सर्वत्र सारखाच वाढला किंवा घटला, असेही होत नाही. पुण्याच्या पाषाणमधील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला, आणि तरीही मध्य भारतात एका दिवसात कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. ‘तापमानवाढ’ या एका शब्दात हे मावत नाही. याच न्यायाने एकटी २६ जुलै दाखवून ‘हा पाहा हवामानबदल’ म्हणता येत नाही. अशा दिवसांची वारंवारिता कित्येक दशकांत वाढली हे दाखवावे लागते.

‘जलवायू’ हिंदीतून आला. फारसी ‘आब-ओ-हवा’ म्हणजे पाणी आणि हवा; ‘जलवायू’ ही त्याच जोडीची संस्कृत आवृत्ती दिसते. आपल्याकडे ‘तिथले हवापाणी मानवले नाही’ म्हणतात, त्यात हीच जोडी आहे. शब्द चुकीचा नाही, पण ‘हवामान’ हाताशी असताना त्याची गरजही नाही. ‘हवापालट’ हा आपला जुना शब्द काही जण सुचवतात, पण हवापालटासाठी माणूस पाचगणीला जातो, हवा जागच्या जागी असते. येथे प्रकार नेमका उलटा आहे.

लेखनाचा एक मुद्दा राहतो. ‘हवामान बदल’ असे तोडून लिहू नये. ‘तापमानवाढ’ आपण जोडून लिहितो, मग ‘हवामानबदल’ का नाही? सामासिक शब्द जोडून लिहावा हा नियम आहेच, शिवाय तोडून लिहिलेला ‘हवामान बदल’ हा कोणीतरी कोणाला दिलेला हुकूम वाटतो.

राज्य शासनाच्या विभागाचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल’ असे आहे. ते अधिकृत नाव असल्याने त्याचा उल्लेख तसाच करावा लागेल, पण म्हणून समुद्राच्या पातळीच्या बातमीतही तेच लिहिण्याचे बंधन नाही. तेथे ‘हवामानबदलामुळे’ लिहावे. आणि सर्दी-खोकल्याच्या बातमीत ‘हवा बदलल्यामुळे’ एवढे पुरते. महिना ऑक्टोबरचा असेल तर ‘ऋतुबदलामुळे’ त्याहून नेमके.