सरासरी स्पेक्ट्रम जुळला, तरी सिम्युलेटेड नोंदी लगेच वापरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोयनेसारखा मॅग्निट्यूड 6.3 चा भूकंप धरून हायब्रिड ब्रॉडबँड पद्धतीने जमिनीच्या हादऱ्यांच्या 20 सिम्युलेटेड, म्हणजे संगणकावर बनवलेल्या, नोंदी तयार केल्या आहेत. इमारत 12 मजली, 36 मीटर उंच आरसीसी फ्रेम. सरासरी स्पेक्ट्रम (किती सावकाश डोलणाऱ्या इमारतीला किती हादरा बसेल याचा आलेख) अपेक्षित स्पेक्ट्रमवर छान बसतो, मग नॉनलिनियर टाइम हिस्टरीला (इमारतीचं नुकसान धरून क्षणाक्षणाने केलेल्या विश्लेषणाला) हरकत काय? माझ्या मते अजून आहे.

आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकातलं उघड्या फ्रेमचं (भिंतींचा आधार न धरलेल्या सांगाड्याचं) सूत्र लावा: 0.075 गुणिले उंचीचा 0.75 वा घात. तुमचा आवर्तकाल, म्हणजे इमारतीच्या एका पूर्ण झोक्याचा वेळ, 1.1 सेकंद येतो. हायब्रिड पद्धतीत साधारण 1 हर्ट्झच्या (म्हणजे 1 सेकंद आवर्तकालाच्या) खालचा भाग फॉल्ट कसा सरकला यावरून गणिताने काढतात, वरचा भाग स्टोकॅस्टिक (यादृच्छिक) असतो, आणि दोन्ही तिथे जोडतात. म्हणजे जिथे सांधा, नेमकी तिथेच तुमची इमारत. दुसरा मोड (डोलण्याची दुसरी, जलद तऱ्हा) 0.37 सेकंदाच्या आसपास, म्हणजे स्टोकॅस्टिक बाजूला. काँक्रीटला तडे गेले, स्टील यील्ड झालं (कायमचं ताणलं गेलं) की आवर्तकाल लांबून 2 सेकंदांकडे, म्हणजे दुसऱ्या बाजूला जाणार.

खऱ्या नोंदीत जवळजवळच्या आवर्तकालांचे चढउतार बऱ्यापैकी एकत्र होतात. दोन भाग वेगवेगळे काढून जोडले की हा संबंध सांध्यापाशी तुटू शकतो. निव्वळ स्टोकॅस्टिक नोंदीत तर तो सगळीकडेच कमी पडतो. सरासरी स्पेक्ट्रमवर याचा मागमूस दिसत नाही, पण कोसळण्याच्या शक्यतेचं गणित बिघडतं. जी नोंद 1.1 ला जोरदार आहे ती 2 सेकंदांनाही जोरदार राहिली, तरच इमारत खरी अडचणीत येते. अशा वाईट नोंदी संचातून गायब झाल्या की उत्तरांचा विखुरलेपणा कमी येतो आणि फ्रॅजिलिटीचा वक्र (किती हादऱ्याला कोसळण्याची किती शक्यता याचा आलेख) फसवा उभा दिसतो.

तपासायला सोपं आहे. प्रत्येक नोंदीचं सरासरीपासूनचं विचलन लॉगमध्ये काढा आणि 0.4 विरुद्ध 1.1, 1.1 विरुद्ध 2.2 असे आलेख मांडा. तसेच आलेख तेवढ्याच मॅग्निट्यूड-अंतराच्या खऱ्या नोंदींचे काढा. 20 नोंदींवर सहसंबंधाचा आकडा ढोबळच येतो, त्यामुळे दशांशावरून वाद नको, ठळक फरक तेवढा बघा. प्रमाण विचलनही पाहा: एकाच भूकंपात, सारख्या अंतरावरच्या खऱ्या नोंदींत ते नॅचरल लॉगमध्ये साधारण 0.5 ते 0.6 असतं. तुमचं 0.3 असेल तर स्पेक्ट्रम ‘छान’ बसण्याचं कारण तेच.

कोयनेशी पडताळणी केली असं तुम्ही लिहिलंय. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची ती नोंद धरणाच्या गॅलरीतली आहे: धरणाच्या अक्षाच्या दिशेने 0.63 जी (जी म्हणजे गुरुत्वीय प्रवेग), आडव्या दिशेने 0.49 जी. कठीण बेसॉल्टवरची, उच्च फ्रिक्वेन्सीने भरलेली. ताठ धरणासाठी ती सोनं आहे, पण 1 ते 2 सेकंदांबद्दल ती फारसं बोलत नाही. किल्लारीला 1993 मध्ये जवळची स्ट्राँग मोशन (जोरदार हादऱ्याची) नोंदच नव्हती. म्हणून पद्धत तपासायची तर कॅलिफोर्नियातला नॉर्थरिज 1994 चा भूकंप घ्या, तिथे जवळची स्टेशनं भरपूर आहेत. मात्र त्याने फक्त पद्धत पास होते. दख्खनचे स्ट्रेस ड्रॉप (फॉल्ट सरकताना सुटणारा ताण), क्यू आणि कप्पा (खडकात आणि जागेवर लहरी किती विरतात याचे आकडे) कॅलिफोर्नियावरून ठरत नाहीत, ते बदलून उत्तर किती हलतं हे वेगळं दाखवावं लागेल.

सिम्युलेटेड नोंद खऱ्या नोंदीशी किती जुळते हे सांगणारा अँडरसनचा 2004 चा दहा निकषांचा गुणांक लोक हौसेने देतात. 6 च्या वर म्हणजे ‘चांगलं’. भूकंपशास्त्रज्ञाला ठीक, पण मला त्या सरासरीचा भरवसा नाही. कमाल प्रवेगात मिळालेले गुण कमाल वेगातली नापासी झाकून टाकतात, आणि तुमच्या फ्रेमला वेगच जास्त महत्त्वाचा. एकत्र आकडा न देता दहाही निकष सुटे छापा. नोंदीच्या शेवटी विस्थापन भरकटत नाही ना, कालावधी अवास्तव नाही ना, हे ओघाने आलंच.

सगळं जुळलं की खऱ्या नोंदींचा एक संच त्याच सरासरी स्पेक्ट्रमला आणि त्याच विखुरलेपणाला धरून निवडा. आधी 1.1 सेकंदाच्या साध्या इनिलॅस्टिक ऑसिलेटरवर (यील्ड होणाऱ्या एकाच झोक्याच्या मॉडेलवर) दोन्ही संच चालवा, मग पूर्ण मॉडेलवर. मजलावार ड्रिफ्टची (मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत किती सरकला त्याची) मध्यमा आणि विखुरलेपणा शेजारी ठेवा. वरच्या मजल्यांतच फरक आला तर स्टोकॅस्टिक भाग उघडून बघा, खालच्या मजल्यांत आला तर सांधा 1 ऐवजी 2 हर्ट्झवर नेऊन पुन्हा चालवा, अर्थात तुमच्या वेग-मॉडेलची (जमिनीतल्या लहरींच्या वेगाच्या मॉडेलची) जाळी तेवढी बारीक असेल तर. ते आलेख इथे टाका, मग पुढचं बोलू.