आधी माणसं बसव

प्रिय मित्रा,

तू भजनी मंडळाचा अभंग रेकॉर्ड करून पाठवलास, ती फाईल रात्री ऐकली, सकाळी चहा घेताना परत ऐकली. सूर नीट, ताल नीट, कुठे खरखर नाही. तरी मंडळाचे बुवा ऐकून नुसतं 'बरं आहे' म्हणाले आणि चपला घालून निघाले. तेव्हापासून तुझं चाललंय: महागडा माइक घेऊ, की सगळं गुंडाळून मुंबईला जाऊ? दोन्ही नको. माणसं एकत्र बसव.

काय केलंस ते कानाला कळतं. आधी क्लिक, म्हणजे कानात ठरल्या लयीत वाजणारी टिकटिक, लावलास, त्यावर पेटी घेतलीस, मग पखवाज, मग बुवांना हेडफोन चढवून एकट्याला उभं केलंस आणि टाळ शेवटी चिकटवलेस. अरे, तो माणूस हयातभर टाळकऱ्यांची तोंडं बघत गातोय! भजनी ठेका आठ मात्रांचा, तेवढं तुझं क्लिक बरोबर मोजतं. पण अभंगाची लय चढते. कुठे चढवायची हे कुणी ठरवून बसत नाही. बुवा चरणाचा शेवट जरा आवळतात, पखवाजवाला मान वर करून बघतो आणि पुढच्या समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, सगळे टाळ एकदम उचलतात. तुझ्या फाईलमध्ये कुणी कुणाकडे बघतच नाही. ते कुठला माइक आणून देणार?

एकत्र बसवलं की सगळ्यांचा आवाज सगळ्या माइकमध्ये शिरतो, असं तू म्हणणार. शिरू दे. टाळ तेवढे सांभाळ, कारण ते सगळ्यांना कापत जातात. बुवांचा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल तर तो पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. ती पाठ टाळकऱ्यांकडे कर. त्यांच्यामागच्या भिंतीवर गोधड्या टाक. टाळाची धार गोधडी खाते, पखवाजाचा धूम खात नाही, म्हणून पखवाजवाल्याला कोपऱ्यात बसवू नकोस, तिथे धूम फुगतो. तरीही टाळ जास्त वाटले तर स्क्रीनवर काही ओढत बसू नकोस. उठ आणि टाळकऱ्यांना मागे सरकव. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल उतरतात, फुकटात. आणि एसी बंद ठेव. घरघर येते ती येतेच, वर पखवाजाच्या धूमच्या तोंडाला लावलेली कणीक वाळते.

एचएमव्ही रेकॉर्ड कंपनीचे जी. एन. जोशी आठव. रेकॉर्डिंगच्या खुर्चीत बसण्याआधी ते स्वतः गायक. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांच्याच गळ्यातून घरोघरी गेली. त्या काळात आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. चूक झाली की तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून. नंतर दुरुस्त करू ही सोयच नव्हती, त्यामुळे कोण जवळ, कोण लांब, हे आधीच ठरायला लागायचं. पुढे १९६७ साली त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, तबल्याला माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार तेव्हा शास्त्रीय संगीतात अजून पाय रोवत होती. अशी माणसं निवडून एका रेकॉर्डवर आणणं, याला प्रोड्यूस करणं म्हणतात. बटणं दाबायला कुणीही शिकतं.

तुला वाटेल म्हातारा जुनं उगाळतोय. वाटू दे. कॅसेटच्या दिवसांत मुंबईची एक कंपनी माझ्याकडून कायम भक्तिगीतं घ्यायला तयार होती. अट एकच: ढोलकी-पखवाज कीबोर्डातून काढा, चार वादकांची बिदागी वाचेल. मी नाही म्हटलं. काम दुसऱ्याकडे गेलं, त्याने त्यावर बंगला बांधला, आणि विषय निघाला की आमच्या स्वयंपाकघरात आजही भांडी जोरात आपटतात. बंगल्याचं मला काही नाही. पोराच्या फीला कर्ज काढावं लागलं, त्याची मात्र रुखरुख आहे, ती जात नाही. पण त्या चौघांतले दोघं आज पोरांना पखवाज शिकवतात. तुझ्या मंडळाचा पखवाजवाला त्यांच्याच हाताखाली तयार झालाय. ते तेव्हा घरी बसले असते तर तू आज कुणाला रेकॉर्ड करणार होतास? त्या बंगल्याला?

मुंबईला हवं तर जा, मी कोण अडवणारा. पण तिथे अभंग गाणारी माणसं तुझ्या दारात येऊन बसणार नाहीत. इकडे सांगली-मिरजेत ती गल्लोगल्ली आहेत. कान तयार करायचाय ना? मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक दुपार घालव. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना कारागीर कसा थांबून थांबून ऐकतो ते बघ. मोबाइल खिशात ठेव तेवढा वेळ.

तर मंडळाला परत बोलव. हॉल नको, देवळाच्या मागची खोली बरी, तिथे ते रोज बसतात. टाळकऱ्यांना रात्री जेवणानंतर वेळ मिळतो, तेव्हा घे. पहिला अभंग रेकॉर्ड करूच नकोस, नुसता होऊ दे. आवाज तापतात आणि पोरं माइक विसरतात. अभंग सुरू झाला की मध्येच हात वर करून थांबवायचं नाही, कुणी चुकलं तरी. बुवांना फोन करायचा संकोच वाटत असेल तर पखवाजवाल्याशी मी बोलतो. आणि या दुसऱ्या वेळेचे पैसे त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत.

तुझा,
काका