दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाने १० टनी बॉम्ब नेमका कसा नेला?

बॉम्बकक्षाची दारं काढून, बॉम्ब अर्धा बाहेर लटकता ठेवून आणि विमानाचं वजन जिथून जमेल तिथून कमी करून. हा बॉम्ब म्हणजे ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांचा ‘ग्रँड स्लॅम’: वजन २२,००० पौंड, लांबी सुमारे ८ मीटर. दारं लावली तर तो आत मावतच नव्हता. मग विमानाच्या पोटाची कड पुढून-मागून कापून खाच केली आणि बॉम्बला खालून साखळीचा पट्टा घातला. जुन्या फोटोंत तो चक्क पोटाखाली लोंबताना दिसतो.

वजनासाठी नाकावरचा आणि पाठीवरचा असे दोन्ही तोफमनोरे (मशीनगनचे फिरते घुमट) गेले, शेपटीचा तेवढा राहिला. माणसंही सातांवरून पाचांवर आली. म्हणजे हल्ला झालाच तर भिस्त सोबतच्या लढाऊ विमानांवर! शिवाय चाकांचा सांगाडा मजबूत केला आणि जास्त ताकदीची मर्लिन २४ इंजिनं बसवली. १४ मार्च १९४५ ला ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनने जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या रेल्वेपुलाजवळ पहिला ग्रँड स्लॅम टाकला. तो जमिनीत शिरून फुटला आणि त्या हादऱ्याने पुलाच्या कमानी कोसळल्या.

मात्र १२,००० पौंडी ‘टॉलबॉय’ या वॉलिस यांच्याच लहान बॉम्बसाठी एवढी मोडतोड लागली नव्हती, त्याला फुगीर दारं पुरली.