तोंडी परवानगी, सिस्टीममधली जुनी शिफ्ट आणि संपलेल्या रजा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचली. मूल लहान आहे म्हणून साहेबांनी अकरा ते आठ यायला 'हो' म्हटलं, पाच महिने सुरळीत चाललंय, आणि आता वरच्या पातळीवर बदल होणार अशी कुजबुज आहे. लेखी मागितलं तर साहेबांना अविश्वास वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. नेमका हाच प्रश्न सात वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात होता. तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी वकील नाही. तुमच्या कंपनीचे नियम आणि तुमच्याकडचा कायदा मला माहीत नाही. हा फक्त एका नोकरदाराचा अनुभव आहे.

वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. आम्हाला सकाळची पाळी मिळाली होती. तेव्हाचे माझे साहेब खरंच चांगले होते. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "तीन दिवस तू बाराला ये, संध्याकाळी भरून काढ, काही काळजी करू नकोस." मी भारावून गेलो. इतक्या सहज 'हो' म्हणालेल्या माणसाकडे कागद कसा मागायचा? भीड वाटली. भीड ही भिकेची बहीण असं लहानपणापासून ऐकत आलो होतो, तरी मागितला नाही.

काम चोख चालू होतं. बाराला जायचो, नऊ-साडेनऊला निघायचो. पण हजेरीच्या सिस्टीममध्ये माझी शिफ्ट नऊ ते सहाच राहिली होती. शिफ्ट बदलायची तर कुणीतरी ती तिथे बदलावी लागते, ही गोष्ट मला सुचलीच नाही. साहेबांनाही नाही. मी बाराला कार्ड पंच केलं की सिस्टीम मुकाट्याने लेट मार्क लावायची. आमच्याकडे तीन लेट मार्कला अर्धी रजा जायची. आठवड्याला तीन लेट मार्क, म्हणजे आठवड्याला अर्धी रजा. आठ महिन्यांत, सुमारे पस्तीस आठवड्यांत, साडेसतरा रजा गेल्या. पगार पूर्ण येत होता, कारण शिल्लक रजा कापली जात होती. पगाराची स्लिप मी बघायचो. रजेचं पान मात्र आठ महिने उघडलं नाही, कारण मी रजा घेतच नव्हतो!

मग वडिलांच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, बंद पडला आणि त्यांना दाखल करावं लागलं. मी दहा दिवसांची रजा टाकायला गेलो तर शिल्लक अडीच दिवस. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून फोनवर तो आकडा बघितला होता. अजूनही आठवला की पोटात खड्डा पडतो.

तोवर ते साहेब नोकरी सोडून गेले होते. एचआरकडे गेलो तर उत्तर आलं, "तुमच्या नावावर वेळबदलाची कुठलीच विनंती दिसत नाही, तुमच्या मॅनेजरने टाकायला हवी होती." नवे मॅनेजर म्हणाले, हे माझ्या आधीचं आहे, मी कसं सही करू? हजेरी बघणाऱ्या विभागाने सांगितलं, एचआरचं अप्रूव्हल आणा. परत एचआर. तिथे कळलं की मागच्या तीन महिन्यांपेक्षा जुनी नोंद दुरुस्तच करता येत नाही. त्या तीन महिन्यांचा तरी अर्ज घ्या म्हटलं, तर पुरावा हवा. साहेबांशी झालेलं बोलणं ऑफिसच्या चॅटवर होतं आणि जुने चॅट आपोआप पुसले जायचे. चार महिने मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपमान केला नाही. पण त्यांच्या स्वतःच्या इमारतीत, त्यांच्याच कार्डाच्या नोंदीत मी रोज रात्री साडेनऊला बाहेर पडताना दिसत होतो, आणि ती वेळ विचारात घ्यायला एकही माणूस तयार नव्हता. याचा राग मला अजून आहे.

हॉस्पिटलच्या दिवसांतले साडेसात दिवस विनावेतन गेले. अप्रेझलमध्ये 'हजेरीत अनियमितता' असा शेरा आला. पुढच्या वर्षी नोकरकपात झाली, त्यात माझं नाव होतं. कारण दिलं होतं की ती भूमिकाच आता उरलेली नाही. शेऱ्यामुळेच गेलो असं मी सिद्ध करू शकत नाही. पण यादी करणाऱ्याच्या समोर कागद असतात, तुमच्या वडिलांचा आजार नसतो, एवढं मला कळलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. साहेबांना अविश्वास वाटणार नाही. उलट त्यांच्यासाठीही ते बरंच असतं, कारण उद्या त्यांना कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल. मागायचं कसं, हे महत्त्वाचं. 'मला लेखी द्या' म्हणू नका. तुम्हीच मेल लिहा: "आपलं अमुक तारखेला बोलणं झालं त्याप्रमाणे मी सोमवार ते शुक्रवार अकरा ते आठ या वेळेत काम करत आहे. दुपारी बारा ते पाच मी नेहमी उपलब्ध असते. सिस्टीममधली माझी शिफ्ट त्यानुसार बदलावी, म्हणजे लेट मार्क लागणार नाहीत. सहा महिन्यांनी आपण याचा पुन्हा आढावा घेऊ. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगावं." एचआरला सीसी करा. यातलं शिफ्टचं वाक्य कृपा करून गाळू नका. माझे साडेसतरा दिवस ते एक वाक्य नसल्यापायी गेले. 'ओके' एवढं उत्तर आलं तरी पुरे. ते मेल ऑफिसबाहेरही जपून ठेवता येईल का, हे कंपनीचा नियम बघून ठरवा. काही ठिकाणी ऑफिसचं मेल बाहेर पाठवणं हाच गुन्हा धरतात.

उपकाराचं ओझं घेऊ नका, हे मुद्दाम सांगतोय. वेळेची ही लवचिकता ओळखीची झाली ती १९६७ मध्ये म्युनिकजवळच्या ब्योल्को (पुढे मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम) या विमान कंपनीपासून. तिथे सगळे एकाच वेळी कामावर येत, रस्ते तुंबत, लोकांना उशीर होई. त्यातून मधले काही तास सगळ्यांनी हजर राहायचं आणि बाकीची वेळ आपापली, अशी पद्धत निघाली. म्हणजे कंपनीला स्वतःचीच अडचण सोडवायची होती. ब्रिटनमध्ये तर ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी विनंती करता येते आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही हक्क विनंतीचा आहे, मंजुरीचा नाही. पण ती विनंती लेखीच करावी लागते. कायद्याने संरक्षण दिलेल्या माणसालाही कागद करावा लागतो, मग आपण का लाजायचं?

आणखी एक, आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. वेळ बदलणं आणि तास कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुम्हाला सोयीचं पडेल' म्हणत कुणी कमी तासांचा नवा करार किंवा सल्लागार म्हणून काम असं पुढे केलं तर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, दोनदा वाचा. जुनी सेवा सलग धरणार का, विमा चालू राहणार का, पूर्ण वेळेवर परत यायचं असेल तर तशी तरतूद आहे का, एवढं तरी बघा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी सहा महिन्यांसाठी म्हणून असा बदल घेतला. परत यायची वेळ आली तेव्हा त्यांची जागाच नव्हती. काहींना असा करार उत्तम मानवतो, हेही खरं आहे. पण तो उघड्या डोळ्यांनी घ्यावा.

घराबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तेच जास्त जाणवलं. "सकाळी घरी असते म्हणून सगळं माझ्याकडेच येतं." वेळ लवचिक झाली की घरातल्यांना वाटतं, हा माणूस मोकळा आहे. आमच्याकडे दुरुस्तीवाला, बँक, नातेवाइकांची ने-आण, सगळं माझ्या त्या सकाळच्या तासांत येऊन बसलं. भावाशी एकदा स्पष्ट बोललो, तेव्हा कुठे दोन सकाळी त्याने घेतल्या. ते बोलणं मी सहा महिने उशिरा केलं. तुमच्या मिस्टरांशी हे बोलताना 'मदत कर' असं नका म्हणू. कुठली कामं त्यांची, ते ठरवून घ्या.

दुसरी बाजू रात्रीची. उशिरा येतो या अपराधीपणाने मी रात्री अकरा वाजताही मेलला उत्तरं द्यायचो. त्याने काही मिळालं नाही. पहाटे उठून वडिलांना घेऊन जायचं आणि डोळे मिटत असायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. तास विखुरले की ते मोजलेच जात नाहीत, म्हणून मी आता वहीत मांडतो. युरोपीय संघाच्या नियमात दिवसाला सलग ११ तास विश्रांती आहे. ती मी स्वतःपुरती पाळतो, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेआठ फोनवरचं ऑफिस बंद. नव्या नोकरीत हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कुणी काही बोललं नाही. अर्थात सगळ्या कामांत हे जमणार नाही, हे मान्य आहे.

आणि दर शुक्रवारी चार ओळींचं मेल: या आठवड्यात काय पूर्ण झालं, काय अडलंय. सकाळी नऊला रिकामी दिसणारी खुर्ची सगळ्यांच्या लक्षात राहते, संध्याकाळी सात ते आठमध्ये झालेलं काम राहत नाही. साहेब बदलले तर नव्या माणसाला तुमच्याबद्दल आधी काय कळेल, ते या मेलवर बऱ्यापैकी ठरतं.

तुम्ही आज एकच करा. हजेरीच्या सिस्टीममध्ये तुमची शिफ्ट काय दिसते आणि रजा किती शिल्लक आहेत ते बघा. लेट मार्क लागले असतील तर बदल व्हायच्या आत, हे साहेब खुर्चीवर असतानाच दुरुस्त करून घ्या. मेलचा मसुदा केलात तर नावं काढून इथे टाका, मी रात्री जेवणानंतर बघतो.