ख्रिस्ती शिकवणुकीनुसार देवाने माणूस का घडवला?

तुमचा प्रश्न असा आहे: देव परिपूर्ण आहे, त्याला कशाची उणीव नाही, तर मग ख्रिस्ती मतानुसार त्याने माणूस घडवलाच कशाला? एकटं वाटत होतं म्हणून?

एकटेपणाचं कारण आमच्याकडे चालत नाही. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य. त्यामुळे जग नव्हतं तेव्हाही त्याच्या ठायी प्रीती होतीच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१७:२४) येशू हेच बोलतो. येशूचा प्रेषित पौल, त्यानेही अथेन्सच्या लोकांना सरळ सांगितलं की देवाला कुणाच्या सेवेची गरज नाही, उलट सगळ्यांना श्वास देणारा तोच (प्रेषितांची कृत्ये १७:२५). जुन्या बाबिलोनी कथेत देवांचे कष्ट वाचावेत म्हणून माणूस घडवला जातो. बायबलमधला माणूस असा राबायला ठेवलेला गडी नाही.

मग हेतू काय? संडे स्कूलमध्ये (चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) आमच्याकडून घोकून घेतलेलं उत्तर होतं, ‘देवाच्या गौरवासाठी’ (यशया ४३:७). खरं सांगू? मला ते खटकायचं. स्वतःची स्तुती ऐकायला कुणी माणसं घडवतं का! पुढे वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावलीतलं, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या १६४७ सालच्या पुस्तिकेतलं, पहिलंच उत्तर वाचनात आलं. माणसाचं मुख्य ध्येय काय, तर देवाचं गौरव करणं आणि त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद घेणं. हा आनंदाचा अर्धा भाग आम्हाला कुणी शिकवलाच नव्हता. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस याच्या मते तर जिवंत माणूस हेच देवाचं गौरव.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, पृथ्वी त्याच्या हाती सोपवलेली आहे. मला मात्र दुसरा अध्याय जास्त जवळचा. देव माती घेतो (हिब्रूत माती म्हणजे अदामा, माणूस म्हणजे आदाम), तिचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग राखायला देतो. मग पशुपक्षी त्याच्यापुढे आणतो, कशासाठी, तर हा त्यांना काय नावं देतो ते बघायला! सर्वज्ञ देव, आणि बघत थांबलाय. एकही नाव सुचवत नाही. आदामाच्या तोंडून निघालं तेच नाव कायम झालं.

तुमच्या ‘कशाला’चं उत्तर मला त्या थांबण्यात दिसतं. आपल्यापाशी भरून आहे त्यात दुसऱ्या कुणाला तरी वाटा द्यावा, एवढ्यासाठीच.

मग जगात इतकं दुःख का, हे तुम्ही विचारणारच. तो प्रश्न वेगळा टाका. इथे दोन ओळींत उरकला तर ती फसवणूक होईल.